ताराबाई मोडक : दोन भाषांतून मुलांकडे



१९२३ साली काठेवाडातल्या भावनगरला एक मराठी स्त्री बालमंदिरात काम करायला आली. वय एकतीस. मुंबई विद्यापीठाची १९१४ सालची बी.ए. त्याआधी ती राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य होती. त्या खुर्चीवर बसलेली पहिली भारतीय स्त्री. एवढे मानाचे पद सोडून अडीच-तीन वर्षांच्या पोरांची नाके पुसायला जायचे, हे त्या काळच्या सुशिक्षितांच्या पचनी पडणारे नव्हते. लहान मुले सांभाळणे हे आजीचे, आत्याचे, फार तर दाईचे काम. त्यासाठी बी.ए. कशाला, असा सरळ हिशेब होता.

ही स्त्री म्हणजे ताराबाई मोडक. पुढची नऊ वर्षे त्या भावनगरकरांच्या ताराबेन होत्या. त्यानंतर दादरच्या आणि मग डहाणू तालुक्यातल्या आदिवासी पाड्यांच्या ताराबाई झाल्या. गुजराती आणि मराठी या दोन्ही भाषांत त्यांनी मुलांसाठी आणि मुलांच्या आईबापांसाठी लिहिले. तिसरीच बोली बोलणाऱ्या मुलांसाठी त्यांनी आयुष्याची शेवटची अठ्ठावीस वर्षे दिली. पद्मभूषण, विधिमंडळाचे सदस्यत्व, संस्था, मासिके हे सगळे त्यांच्या चरित्रात आहेच. पण या सगळ्यातून एक धागा गेलेला दिसतो. मूल ज्या घरातून, ज्या बोलीतून, ज्या कामधंद्यातून आले असेल, तिथवर आधी शिक्षकाने चालत जायचे, हे ताराबाईंनी तीन वेगवेगळ्या समाजांत करून दाखवले. आजचे व्याख्यान त्या तीन मुक्कामांविषयी आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ चा, मुंबईचा. वडील सदाशिव पांडुरंग केळकर, आई उमाबाई. घर प्रार्थना समाजाच्या विचारांचे, त्यामुळे मुलीने शिकावे की नाही हा प्रश्न तिथे नव्हता. मुंबईत वाढलेल्या मुलीच्या कानावर गुजराती पडतेच. १९१५ मध्ये अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह झाला, पण संसार टिकला नाही. १९२१ मध्ये त्या विभक्त झाल्या. शंभर वर्षांपूर्वी मध्यमवर्गीय स्त्रीने एकटीने लहान मुलीला वाढवायचे आणि नोकरीही करायची, तीही परप्रांतात, हे किती अवघड होते याची कल्पना इथल्या आजीपणजींच्या आठवणी ऐकलेल्या प्रत्येकाला येईल.

भावनगरला त्यांना गिजुभाई बधेका भेटले. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलाला कसे शिकवावे या विवंचनेतून ते माँटेसरीबाईंच्या पुस्तकांपर्यंत पोचले आणि वकिली सोडून नानाभाई भट्टांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२० साली त्यांनी तिथे बालमंदिर सुरू केले. गुजरातेत त्यांना लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’, मिशाळ आई, म्हणत. मारिया माँटेसरी यांनी रोमच्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले ते १९०७ साली. त्यानंतर अवघ्या तेरा वर्षांत भावनगरला त्याच विचारांचे बालमंदिर उभे राहिले होते, आणि तिथे गुजराती गाणी, गुजराती लोककथा, इथली भांडीकुंडी, इथली रांगोळी आली होती.

गिजुभाई आणि ताराबाई या जोडीने तिथे जे काम केले त्याचा एक मोठा भाग लेखनाचा होता. मुलांना वाचायला शिकवले, पण वाचायला द्यायचे काय? बाजारात होती ती नीतिपाठांची पुस्तके. लहान मुलाच्या जिभेवर बसेल अशी वाक्ये, त्याला पुन्हा पुन्हा म्हणावीशी वाटणारी पालुपदे, ओळखीचे प्राणी, ओळखीची माणसे अशा पुस्तिका त्यांनी गुजरातीत लिहिल्या, संपादित केल्या, मालेच्या रूपाने छापून आणल्या. जन्माने मराठी असलेली लेखिका गुजराती मुलांसाठी लिहीत होती. मोठ्यांसाठी परभाषेत लिहिताना कोश हाताशी घेता येतो. तीन वर्षांच्या श्रोत्यासमोर कोश निरुपयोगी. त्याला गोष्ट आवडली नाही तर तो उठून जातो, आणि वाक्य अडखळले की त्याच क्षणी त्याचे लक्ष दुसरीकडे जाते. लेखकाची एवढी कडक परीक्षा दुसरा कोणी घेत नाही. ती परीक्षा ताराबाईंनी रोज बालमंदिराच्या जमिनीवर बसून दिली.

१९२६ मध्ये भावनगरलाच नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. संघाचे मासिक ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत निघत असे. १९३३ पासून ताराबाईंनी त्याची मराठी आवृत्ती चालवली. पुढे ते हिंदीतही निघाले. या मासिकाचा वाचक म्हणजे मुलाची आई आणि शाळेतला मास्तर. मूल जेवत नाही, खोटे बोलते, अंगठा चोखते, धाकट्या भावंडाला चिमटे काढते, पाहुण्यांसमोर रडते. घरोघरच्या या तक्रारींवर तेव्हा एकच उपाय ठाऊक होता आणि तो हाताच्या पंजात होता. ताराबाई त्यावर शास्त्राच्या आधाराने पण शेजारणीच्या आपुलकीने लिहीत. ‘बालकांचा हट्ट’, ‘बालविकास व शिस्त’, ‘बिचारी बालके’ ही त्यांच्या पुस्तकांची नावे पाहिली तरी त्यांचा पक्ष कोणता होता ते कळते. ‘नदीची गोष्ट’, ‘सवाई विक्रम’ ही त्यांची मुलांसाठीची पुस्तके.

मुलाला मारू नये, हे आज निदान शाळेपुरते कायद्यात लिहिलेले आहे. १९३३ मध्ये ते मराठी घरात जाऊन सांगणे म्हणजे वडीलधाऱ्यांशी वाद ओढवून घेणे होते.

दुसरा मुक्काम दादर. भावनगर सोडल्यावर ताराबाई मुंबईत आल्या आणि १९३६ मध्ये त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. तिथे बालमंदिर होते आणि जोडीला शिक्षिका तयार करणारे अध्यापन मंदिर. गुजरातीत नऊ वर्षे मुरलेला अनुभव आता मराठीत आणायचा होता. सौराष्ट्राच्या अंगणातले खेळ गिरणगावाला लागून असलेल्या दादरमध्ये जसेच्या तसे चालणार नव्हते. मराठी बडबडगीते, मराठी गोष्टी, इथले सण, इथल्या चाळीतली मुले यांना धरून सगळे नव्याने बसवावे लागले. महाराष्ट्रात बालशिक्षण शास्त्रशुद्ध पायावर उभे राहिले त्यात शिशुविहाराचा वाटा मोठा आहे, कारण तिथे शिकलेल्या शिक्षिका गावोगाव गेल्या.

हा मुक्काम यशाचा होता, पण ताराबाईंच्या मनाला एक गोष्ट खात होती. ही पद्धत फी भरू शकणाऱ्यांच्या घरात अडकत चालली होती. माँटेसरीची लाकडी साधने, त्यांचे ठरलेले आकार, ठरलेले रंग, सगळे महागडे. माँटेसरीबाई १९३९ मध्ये स्वतः भारतात आल्या, महायुद्धाच्या काळात इथेच राहिल्या, त्यांनी शेकडो शिक्षक तयार केले. शहरात माँटेसरी हा शब्द प्रतिष्ठेचा झाला. गरीब वस्तीतून जन्मलेली पद्धत आपल्याकडे श्रीमंतांच्या दारात उभी राहिली होती. याच सुमाराला गांधीजींची नयी तालीम सात ते चौदा वर्षांच्या मुलांपुरती न राहता त्याआधीच्या वयाचाही विचार करू लागली होती. खेड्यातल्या दोन-अडीच वर्षांच्या मुलासाठी काय, हा प्रश्न १९४५ च्या सेवाग्रामच्या चर्चांत उघडपणे मांडला गेला.

त्याच वर्षी ताराबाई बोर्डीला गेल्या. वय त्रेपन्न. दादरची बसलेली घडी मोडून.

बोर्डी हे डहाणू तालुक्यातले समुद्रकाठचे गाव, आज पालघर जिल्ह्यात. चिकूच्या बागा, पारशी आणि इराणी बागायतदार, गुजरातची सीमा हाकेच्या अंतरावर, आणि मागच्या डोंगरात वारल्यांचे पाडे. १९४५ हे साल त्या भागात साधे नव्हते. वेठबिगारीविरुद्ध वारली आदिवासी त्याच वर्षी उभे राहिले. मे महिन्यात तलासरीजवळ झरी येथे किसान सभेची परिषद झाली. वारल्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळे लिहून ठेवले आहे. एकाच मुलखात, एकाच वर्षी, दोन मराठी स्त्रिया आदिवासींसाठी काम करत होत्या. एक मोठ्यांना वेठीतून सोडवत होती, दुसरी त्यांच्या दोन वर्षांच्या मुलांना हाक मारत होती. मार्ग निराळे होते, पण ज्याला आजवर कोणी माणूस म्हणून मोजले नाही त्याच्यापाशी जायचे, हा निर्धार दोघींचा होता.

बोर्डीला ताराबाईंच्या सोबतीला अनुताई वाघ आल्या. अनुताईंचा जन्म १९१० चा, मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. वडिलांनी शिकवले, त्या शिक्षिका झाल्या, पुण्याला हुजूरपागेत नोकरी करत होत्या. १९४५ मध्ये बोरिवलीला कस्तुरबा स्मारक निधीच्या शिबिरात दोघींची गाठ पडली. अनुताई ताराबाईंसोबत गेल्या त्या कायमच्या. त्यांनी ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मचरित्र लिहिले. बालशिक्षणात काम करणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे, कारण त्यात अडचणी झाकलेल्या नाहीत.

अडचणी पहिल्या दिवसापासून होत्या. बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती मुले येईनात. त्या काळी हरिजनवाडा म्हणत त्या वस्तीतली मुले आली तर सवर्णांची येत नसत. मजुराच्या घरात सकाळी आईबाप कामावर गेलेले, मोठी बहीण धाकट्याला कडेवर घेऊन बसलेली. मुलाला आणून सोडणार कोण? संस्थेने पत्रके काढून उपयोग नव्हता. तेव्हा ताराबाईंनी ठरवले की मुले येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात जाईल.

ही अंगणातली बालवाडी जवळून पाहण्यासारखी आहे. ताई वस्तीत जाते, एखाद्या घरापुढचे अंगण झाडून घेते. मुले आधी लांबून बघतात, काही पळून जातात. मग सुरुवात होते ती नखे कापण्यापासून, हातपाय धुण्यापासून, केस विंचरण्यापासून. पाणी वस्तीतलेच, मडके वस्तीतलेच. पिशवीतून साधने निघतात: शंख, शिंपले, चिंचोके, रंगीत खडे, वेगवेगळ्या झाडांची पाने, बांबूचे तुकडे, करवंट्या. लहान शिंपला, मोठा शिंपला, त्याहून मोठा असे ओळीने लावताना मूल क्रम शिकते. चिंचोके पाच-पाचच्या ढिगांत ठेवताना ते मोजू लागते. गुळगुळीत आणि खरखरीत ओळखायला महागडी सँडपेपरची पाटी लागत नाही. पेरूचे खोड आणि बाभळीचे खोड पुरते. माँटेसरीबाईंचे इंद्रियशिक्षणाचे तत्त्व शाबूत राहिले आणि खर्च जवळजवळ शून्यावर आला. शेजारी आया येऊन उभ्या राहतात, आपल्या पोराने सांगितलेले नाव ऐकतात. कुठल्या झाडाला त्यांच्या बोलीत काय म्हणतात ते ताईला सांगतात. ताई ते नाव उचलते.

वारली बोली मराठी आणि गुजराती यांच्या सीमेवरची. दोन्हींचे पाणी तिच्यात मिसळलेले. ताराबाईंना दोन्ही भाषा लिहिण्याइतक्या अवगत होत्या, त्यामुळे या मुलांचे बोलणे त्यांना अशुद्ध वाटण्याचे कारण नव्हते. ज्याने एकच प्रमाण भाषा पाहिलेली असते त्याला बोलीतला शब्द चूक वाटतो. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाऊन आलेल्या माणसाला तो नवा शब्द म्हणून ऐकू येतो. भावनगरच्या नऊ वर्षांचे मोल डहाणूच्या जंगलात कळते ते असे.

याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये, सिल्विया अ‍ॅश्टन-वॉर्नर नावाची शिक्षिका माओरी मुलांना वाचायला शिकवत होती. इंग्रज मुलांसाठी छापलेली पुस्तके माओरी मुलांच्या घशाखाली उतरत नव्हती. तिने रोज प्रत्येक मुलाला विचारायला सुरुवात केली, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द ती जाड कार्डावर लिहून त्याच्या हातात देई. भीतीचे, मायेचे, घरातल्या भांडणाचे शब्द निघत, आणि असा शब्द मूल एकदा पाहूनच वाचायला शिके. १९६३ मध्ये ‘टीचर’ या पुस्तकातून तिने ही पद्धत जगापुढे मांडली. बोर्डी आणि माओरी वस्ती यांची गाठभेट कधी झाली नाही, तरी दोन्हीकडे मुलाच्या तोंडचे शब्द हेच पहिले पाठ्यपुस्तक ठरले.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम बोर्डीहून कोसबादच्या टेकडीवर हलले. इथे आदिवासी मुलांची वस्तीच आजूबाजूला होती, आणि इथे ताराबाईंनी जी रचना केली तिला विकासवाडी म्हणतात. कल्पना गरजेतून आली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड आहे. तिला शाळेत आणायचे तर कडेवरच्या बाळाची सोय हवी. म्हणून एकाच आवारात पाळणाघर, त्याच्या शेजारी बालवाडी, त्याच्या शेजारी प्राथमिक शाळा. बाळ पाळणाघरात, मधले बालवाडीत, मोठी बहीण वर्गात. दिवसभरात एकमेकांवर नजरही राहते. गुरे राखणारी मुले तरीही येईनात, कारण गुरे सोडून येणार कशी? त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरतात तिथेच, कुरणावर, शिक्षक जाऊन बसे. हजेरीच्या वेळा गुरांच्या वेळेनुसार ठरत. भारतीय शिक्षणाच्या इतिहासात वेळापत्रक मुलासाठी वाकवल्याची उदाहरणे थोडी आहेत. हे त्यातले एक ठळक.

१९४६ ते १९५१ या काळात ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सदस्य होत्या. १९६२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन भाग झाले. शेजारच्या उंबरगावचा प्रदेश गुजरातेत गेला, डहाणू महाराष्ट्रात राहिले. सीमेवरून भांडणे चालू असतानाही दोन्ही बाजूंना वाचली जाणारी लेखिका कोसबादला राहत होती. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. अनुताईंनी त्यानंतर जवळजवळ दोन दशके काम पुढे नेले. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. बोर्डीच्या हरिजनवाड्यातल्या त्या झाडलेल्या अंगणाचे नाव आज देशभर आहे. एकट्या महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या चालतात.

साने गुरुजींनी १९४९ मध्ये पुण्याच्या साहित्य संमेलनात आंतरभारतीचे स्वप्न मांडले. एका प्रांताच्या मुलाने दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, तिथली गाणी, तिथली माणसे आपली म्हणावीत. त्याच्या कितीतरी आधी ताराबाई ते स्वप्न बालमंदिराच्या सतरंजीवर जगत होत्या. त्यांना आंतरभारतीची पहिली शिक्षिका म्हटले तर गुरुजींनाही ते आवडले असते.

आता आपल्या नगरविषयी आणि केडगावविषयी. या शहराला ही परंपरा परकी नाही. १८३९ पासून सिंथिया फरार ही अमेरिकन मिशनरी स्त्री इथे मुलींच्या शाळा चालवत होती. परदेशातून आलेल्या त्या बाईंनी नगरच्या मुलींना मराठीतून शिकवले. जोतीराव फुले यांनी त्यांची शाळा पाहिली आणि १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली. मुलांपर्यंत पोचण्यासाठी मोठ्यांनी भाषा ओलांडायची, हे नगरने पावणेदोनशे वर्षांपूर्वी पाहिले आहे.

केडगाव एके काळी शहराबाहेरचे, देवीच्या नवरात्रासाठी ओळखले जाणारे गाव. आता ते महापालिकेच्या हद्दीतले उपनगर आहे. पुणे रस्त्याच्या दोन्ही अंगांना वसाहती उभ्या आहेत. बांधकामावर, कारखान्यांत, दुकानांत काम करायला दूरदूरची कुटुंबे येतात. त्यांची मुले हिंदीच्या निरनिराळ्या बोली बोलत अंगणवाडीच्या दारात उभी राहतात. आपल्याच जिल्ह्यातल्या पाथर्डीसारख्या भागातून ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कोयता घेऊन बाहेर पडतात, तेव्हा शाळेतले मूल कोपीवर, म्हणजे तोडीच्या तळावरच्या झोपडीत, जाते आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळत बसते. ज्या जिल्ह्याने १९५० मध्ये प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना उभा करून देशाला वाट दाखवली, त्याच जिल्ह्यात कोसबादच्या मोठ्या बहिणीचा प्रश्न आजही तसाच उभा आहे. पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एका आवारात, हे त्याचे उत्तर सत्तर वर्षांपूर्वी करून दाखवलेले आहे.

२०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत शिक्षण मुलाच्या घरच्या भाषेतून व्हावे. धोरण कागदावर आहे. ते वर्गात उतरवणारी व्यक्ती म्हणजे अंगणवाडी सेविका आणि तिची मदतनीस. तिच्यावर आहाराच्या नोंदी, वजन-उंचीचे तक्ते, मोबाइलवरची माहिती, लसीकरणाच्या याद्या यांचा भार आहे. मुलाशी बोलण्यासाठी तिच्याकडे किती वेळ उरतो, हा प्रश्न महापालिकेला आणि जिल्हा परिषदेला नागरिकांनी विचारला पाहिजे, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहिले पाहिजे.

काही गोष्टी तर सरकारची वाट न पाहता केडगावात करता येतील. आठवड्यातून एकदा अंगणवाडीत एखाद्या परप्रांतीय आईला बोलवावे आणि तिने तिच्या भाषेत गोष्ट सांगावी. मराठी मुलेही ती ऐकतील आणि दोन-चार शब्द उचलतील. त्या मुलांच्या घरी भाकरीला, पाण्याला, आजीला, चिमणीला काय म्हणतात याची एक वही ताईने ठेवावी. गावातल्या सुतारकामातून उरलेले लाकडाचे गुळगुळीत तुकडे, चिंचोके, बिया, करवंट्या यांची पेटी प्रत्येक अंगणवाडीला द्यावी. ज्यांनी हयातभर शाळेत शिकवले आणि आता निवृत्त झाले, त्यांनी ऊसतोडीच्या हंगामात मागे राहिलेल्या मुलांसाठी दुपारचे दोन तास द्यावेत. वाचनालयांनी बालविभागात मराठीबरोबर हिंदी आणि गुजराती चित्रपुस्तके ठेवावीत, आणि ताराबाई-गिजुभाईंची पुस्तके शिक्षकांसाठी मागवावीत. व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी परिसरातल्या सेविकांची एक बैठक येत्या महिन्यात बोलवली, तर यातले निम्मे काम जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी सुरू होईल.